शस्त्र परवाना मिळाला, आता रिव्हॉल्वर कोणते घ्यावे?

(व्यापारी बंधूंसाठी काही उपयुक्त माहिती)

भिवंडीचे एक सूत व्यापारी आमचे जुने स्नेही आहेत. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण ज्याच्याजवळ शस्त्र आहे त्याचे नाव छापणे म्हणजे त्याचे घर दाखविण्यासारखे आहे. बाजारात सर्वजण त्यांना हाजीसाहेब म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. कामगारांच्या पगाराची रोकड घेऊन जाताना त्यांच्या मुनिमाला वाटेत अडवून लुटले गेले. मुनिमाच्या डोक्याला सात टाके पडले. पैसा गेला तो गेलाच, पण हाजीसाहेबांची झोपही गेली. त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. बऱ्याच चकरा मारल्यावर परवाना हाती पडला, तेव्हा ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, ''आता मला सांगा, घेऊ कोणते? मी दिवसभर गादीवर बसणारा माणूस. पार्टीकडे जायचे तर सफारी किंवा कोट. कोणाला दिसताही कामा नये आणि वेळेवर हाताशीही आले पाहिजे.''

हा प्रश्न एकट्या हाजीसाहेबांचा नाही. जवाहिरे, बांधकाम व्यावसायिक, पेट्रोल पंपवाले, अडते, रोकड हाताळणारे कितीतरी व्यापारी परवाना मिळाल्यावर याच ठिकाणी अडखळतात. कोणी जुन्या ओळखीच्या माणसाकडून मिळेल ते घेतो, कोणी चित्रपटात पाहिलेल्यासारखे शोधतो. म्हणून या विषयाची चौकशी करून जे हाती लागले ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. परवाना घ्याच असे आमचे सांगणे नाही. पण ज्याने घेतला आहे त्याने डोळे उघडे ठेवून शस्त्र घ्यावे, एवढीच इच्छा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील २०१६ चे नियम यांवर हा सर्व कारभार चालतो. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आहे हेही दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. परवान्याची मुदतही तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

एक गोष्ट लहान व्यापाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. केवळ तुमच्याजवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. परवाना नाकारला तर वरिष्ठांकडे अपील करता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळांचा असा समज आहे की परवाना असला म्हणजे शस्त्र कमरेला लटकावून मिरविता येते. हे साफ चूक आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर नेताना ते होल्स्टरमध्ये, म्हणजे त्यासाठीच बनविलेल्या म्यानात असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. शस्त्र काढून दाखविणे, धाक घालणे, हवेत बार उडविणे या सर्वांस मनाई आहे. लग्नाच्या वरातीत आनंदाने गोळी झाडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कपड्याखाली झाकून नेणे ही आपल्याकडे हौस नाही, तो कायदाच आहे. त्यामुळे कोणत्या कपड्याखाली काय झाकले जाईल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच उभा राहतो.

विदेशी जाहिराती विसरा

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडची रंगीत माहितीपत्रके पाहिली असतील. कोट-टायखाली दिसू नयेत म्हणून खास बनविलेली पातळ पिस्तुले तिकडे सर्रास विकली जातात. ग्लॉक कंपनीचे ४३ नंबरचे पिस्तूल २०१५ साली आले, सिग साउअरचे पी ३६५ हे २०१८ साली. दोन्ही इतकी छोटी की तळहातात मावतात. परंतु दोन्ही ९ मिलिमीटरची आहेत आणि आपल्याकडे ९ मिलिमीटर हा बोअर निषिद्ध आहे. ०.३८ आणि ०.४५५ बोअरची शस्त्रेही सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. राहता राहिले मुख्यतः ०.३२, ०.२५ आणि ०.२२ बोअर. व्यापाऱ्याच्या हाती जे शस्त्र पडते ते बहुधा ०.३२ बोअरचेच असते.

शिवाय १९८० च्या दशकापासून सामान्य माणसासाठी विदेशी रिव्हॉल्वर-पिस्तुलांची आयात बंद आहे. त्यापूर्वी आलेली वेब्ली, वाल्थर यांसारखी शस्त्रे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात आणि त्यांची किंमत लाखांत सांगितली जाते. माल जुना आणि भाव सोन्याचा! बाजाराचा नियम येथेही तोच आहे. पुरवठा बंद झाला की वस्तूच्या गुणाची किंमत राहत नाही, तिच्या दुर्मिळतेची होते. ऐंशी वर्षे वापरलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग थकलेली असू शकते आणि तिचा सुटा भाग मिळणे कठीण असते, हे घेणाऱ्याने विसरू नये.

देशी माल कोणता आहे?

स्वदेशी शस्त्रांत बहुतेक माल सरकारी आयुध कारखान्यांचा आहे. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. छोट्या शस्त्रांचे काम मुख्यतः कानपूरच्या कंपनीकडे आले. हाजीसाहेबांसोबत आम्ही दुकानात जाऊन आलो आणि पुढील प्रकारांची माहिती घेतली.

पहिले, नेहमीचे ०.३२ रिव्हॉल्वर. कानपूरचा हा जुना आणि सर्वांत परिचित माल. सहा गोळ्या, सुमारे तीन इंची नळी, वजन अंदाजे ७०० ग्रॅम. जुन्या वेब्लीच्या धर्तीवर ते नळीकडून वाकवून उघडते.

दुसरे, 'निर्भीक'. दिल्लीच्या २०१२ च्या दुर्दैवी घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये हे महिलांसाठी म्हणून बाजारात आणले गेले. बोअर तोच, गोळ्या सहाच, पण वजन सुमारे ५०० ग्रॅम. त्या वेळी किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. ज्या सामान्य स्त्रीसाठी ते बनविले तिला ते परवडणार कसे, अशी टीका तेव्हा झाली आणि ती खोटी नव्हती. पुढे हलके शस्त्र हवे असलेल्या पुरुषांनीही ते घेतले.

तिसरे, 'निडर'. हे ०.२२ बोअरचे, आठ गोळ्यांचे, वजन केवळ २५० ग्रॅमच्या आसपास. खिशात ठेवले तरी जाणवत नाही. मात्र गोळीही तेवढीच लहान, तिचा जोर ०.३२ पेक्षा कमी.

चौथे, 'प्रबल'. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून आले. याचे चक्र बाजूला उघडते. असे बाजूने उघडणारे भारतीय बनावटीचे हे पहिलेच रिव्हॉल्वर. वजन ७०० ग्रॅमच्या आत, नळी ७६ मिलिमीटर आणि पूर्ण लांबी १८ सेंटिमीटरच्या आत.

पाचवे, 'अशनी' हे ०.३२ चे पिस्तूल. गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये भरतात. चक्र नसल्यामुळे अंगाला चपटे बसते.

याखेरीज उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे वेब्लीच्या नावाने ०.३२ रिव्हॉल्वर खासगी कारखान्यात बनू लागले आहे. किमतीचा हिशेब करताना करही धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर आणि पिस्तुलांवर ४० टक्के जीएसटी लागू आहे, पूर्वी तो २८ टक्के होता.

हलके घ्यावे की जड?

दुकानात 'निर्भीक' हाती घेताच हाजीसाहेब खूश झाले. ''बस, हेच! कमरेला आहे की नाही कळणारसुद्धा नाही.'' आम्हालाही तसेच वाटले. पण दुकानदार अनुभवी होता. तो म्हणाला, ''साहेब, गोळी तीच आहे. शस्त्र जितके हलके तितका धक्का हाताला जास्त. आधी दोन्ही चालवून बघा, मग पैसे मोजा.''

हा सल्ला लाखमोलाचा आहे. नेमबाजीच्या मैदानावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हाजीसाहेबांनी दोन्ही प्रकार चालविले. जड रिव्हॉल्वरने दहा पावलांवरच्या पुठ्ठ्यावर पाच गोळ्या लागल्या, हलक्याने दोन. वय साठीच्या घरात, मनगट पूर्वीसारखे नाही. जे शस्त्र नेणे सोपे ते चालविणे कठीण आणि जे चालविणे सोपे ते नेणे कठीण, हा या धंद्यातला मूळ हिशेब आहे. नेण्याच्या सोयीला भुलून लोक लहानात लहान शस्त्र घेतात आणि एकदा चालवून मग कपाटात टाकतात.

चाप ओढून पाहणे तितकेच महत्त्वाचे. रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड असतो. सरळ ओढला तर मागचा घोडा मागे जातो, चक्र फिरते आणि घोडा सुटतो. हे सर्व एका बोटाने करावे लागते. देशी रिव्हॉल्वरचा चाप पुष्कळांना फारच जड वाटतो. दुकानदाराच्या परवानगीने, शस्त्र रिकामे आहे याची स्वतः खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप ओढून पाहावा. ओढताना नळीचे टोक हलत असेल तर ते शस्त्र आपल्या हाताचे नाही. मूठही तपासावी. तीन बोटे मुठीवर नीट बसली पाहिजेत.

रिव्हॉल्वर की पिस्तूल?

पिस्तूल चपटे असते, कोटाखाली कमी दिसते, हे खरे. रिव्हॉल्वरचे चक्र जाड, ते कमरेला फुगवटा आणते. पण रिव्हॉल्वरचा साधेपणा हा मोठा गुण आहे. एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात तेच झाले तर वरचा भाग मागे ओढून खराब काडतूस बाहेर काढावे लागते. घाबरलेल्या माणसाचे हात ते करतीलच असे नाही. लहान ०.३२ पिस्तुलांची स्प्रिंग ताठ असते, वयस्कर माणसाला ती ओढणे जड जाते.

पिस्तुलात आणखी एक धोका आहे आणि त्याने जगभर बळी घेतले आहेत. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, पण नळीच्या मागच्या घरात एक गोळी राहिलेली असू शकते. रिव्हॉल्वर उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर असतात. ज्याला महिन्यातून एकदा सराव करायलाही फुरसत नाही अशा व्यापाऱ्याने रिव्हॉल्वरच घ्यावे, असे आमचे मत झाले.

काडतुसांबाबतही सावध राहावे. ०.३२ रिव्हॉल्वरचे आणि ०.३२ पिस्तुलाचे काडतूस वेगवेगळे असते. आकडा तोच पाहून एकाचे दुसऱ्यात वापरू नये. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील ते परवान्यावर लिहिलेले असते, त्यापेक्षा एकही जास्त ठेवू नये.

शिंप्याकडेही एक चक्कर

आता कपड्यांकडे वळू. कोटाच्या खिशात रिव्हॉल्वर टाकणे ही सर्वांत मोठी चूक. ७०० ग्रॅमने खिसा लोंबतो, कोट एका बाजूला ओढला जातो आणि पाहणाऱ्याला लगेच कळते. त्याहून वाईट म्हणजे आपण कोट काढून खुर्चीला टांगतो आणि चहा प्यायला जातो. शस्त्र अंगावरून उतरले की त्यावरचा ताबा गेला. पॅन्टमध्ये नुसते खोचणे तर स्वतःच्याच पायावर नेम धरण्यासारखे आहे.

कोट किंवा सफारी घालणाऱ्यास कमरेच्या पट्ट्यावरचे होल्स्टर उत्तम. उजव्या हाताच्या माणसाने ते उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे ठेवावे, म्हणजे कोटाचा घोळ त्यावर सरळ पडतो. पट्टा जाड, ताठ आणि दीड इंच रुंद असावा. नेहमीचा पातळ पट्टा वजनाने वाकतो आणि रिव्हॉल्वर बाहेर झुकते. होल्स्टरने चाप पूर्ण झाकलेला असावा आणि वर शस्त्र अडकून राहील अशी पट्टी असावी. शिंप्याला सांगून कोट त्या बाजूने थोडा सैल ठेवावा आणि आतले अस्तर मजबूत करून घ्यावे, कारण घोड्याचे टोक पातळ अस्तरात अडकते. गडद आणि जाड कापडात फुगवटा लपतो, फिक्या पातळ कापडात दिसतो.

काखेत बांधायचे होल्स्टर चित्रपटात छान दिसते. पण त्यासाठी दिवसभर कोट अंगावर ठेवावा लागतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते कोण करणार? शिवाय शस्त्र काढताना नळी शेजारच्या माणसावरून फिरते. घोट्याला बांधायचे होल्स्टर गाडीत बसलेल्याला सोयीचे, उभ्या माणसाला निरुपयोगी. कुर्ता-पायजमा घालणाऱ्याची अडचण वेगळीच. नाडीला वजन पेलत नाही. त्याने आतून वेगळा रुंद पट्टा बांधावा आणि वर जाकीट घालावे. कुर्त्याच्या खिशात शस्त्र कधीच ठेवू नये.

आणि गादीवर बसणाऱ्याचे काय? हाजीसाहेबांनी रिकामे रिव्हॉल्वर कमरेला लावून दुकानातच मांडी घालून पाहिली. मूठ बरगडीत रुतली आणि नळी मांडीत. ''पाच मिनिटांत कंटाळलो, दिवसभर काय बसणार?'' ते म्हणाले. उपाय साधा निघाला. गादीवर असताना शस्त्र कुलूपबंद तिजोरीत आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. बाहेर निघताना लावायचे. शुक्रवारी जुम्याला जातानाही ते तिजोरीतच राहते, कारण खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, जनसमुदाय किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही, अशी परवान्याची अटच आहे. विमानाने जाताना तर आगाऊ कळवून, रिकामे करून ते सामानात द्यावे लागते, अंगावर नेता येत नाही.

घाम, पाऊस आणि गंज

कोकणपट्टीच्या दमट हवेत पोलाद गंजायला वेळ लागत नाही. अंगाला लागून असलेल्या शस्त्राला घामाचे मीठ लागते. रोज संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसावे, आठवड्याला हलका तेलाचा हात द्यावा. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवून कपाट लावू नये, चामडे ओल धरते आणि एका पावसाळ्यात डाग पडतात. काडतुसांना तेल लागू देऊ नये, ती निकामी होतात.

पुसताना आणि ठेवताना मात्र आधी रिकामे करावे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहू येथे अभिनेते गोविंदा यांच्या हातून परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना निसटले आणि गोळी त्यांच्याच पायाला लागली. जीवावरचे पायावर निभावले. असा अपघात कोणाच्याही घरी होऊ शकतो. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवून सहाऐवजी पाचच गोळ्या भराव्यात, ही जाणकारांची शिकवण त्यासाठीच आहे. घरात मुले असतील तर शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात.

शस्त्राने खरोखर वाचता येते काय?

हा कडू प्रश्न टाळता येणार नाही. १९९० च्या दशकात खंडणीखोरांनी मुंबईच्या व्यापाऱ्यांना भंडावून सोडले होते. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे सुनीत खटाव महालक्ष्मी येथे गाडीत बसलेले असताना मारले गेले. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सचे तकीयुद्दीन वाहिद वांद्रे येथे असेच गाडीत मारले गेले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी गुलशन कुमार अंधेरीत मंदिराबाहेर. मारेकरी ठरवून, पाळत ठेवून, अनेक जण मिळून येतात तेव्हा कोटाखालचे रिव्हॉल्वर काढायला सवडच मिळत नाही. अशा धोक्यावर उपाय म्हणजे पोलिसांना वेळीच कळविणे आणि जाण्यायेण्याची वेळ, वाट बदलत राहणे.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण त्याला मर्यादा आहे. संरक्षणासाठी जितके आवश्यक तितकेच, त्याहून जास्त नाही. पोलिसांकडे जायला सवड असेल तर तो हक्कच उरत नाही. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा व्यापारी कोर्टात स्वसंरक्षण कसे सिद्ध करणार?

हाजीसाहेबांनी अखेर नेहमीचे ७०० ग्रॅमचे रिव्हॉल्वर घेतले. चांगले होल्स्टर घेतले, दोन कोट सैल करून घेतले, महिन्यातून एकदा सरावाला जाऊ लागले. चार महिन्यांनी ते आमच्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. चहा समोर आला तरी कप उचलीना. मग सांगू लागले. रात्री वसुली करून परतताना गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल त्यांच्या गाडीपुढे आडवी थांबली. दोघे उतरले, एक सरळ खिडकीकडे आला. हाजीसाहेबांचा हात कोटाखाली गेला, होल्स्टरची पट्टी सुटली. तेवढ्यात तो मुलगा वाकून म्हणाला, ''चाचा, सलाम. अब्बांना दवाखान्यात ॲडमिट केलंय, थोडी उचल मिळेल का?'' तो त्यांच्याच कारखान्यातल्या एका जुन्या कारागिराचा मुलगा होता.

''माझं बोट चापावर गेलं नव्हतं,'' हाजीसाहेब म्हणाले, ''पण जाणारच होतं. त्या मुलाला कळलंही नाही. मी पैसे दिले, घरी गेलो आणि रात्रभर बसून राहिलो. मुनिमाला मारणारे कधी सापडले नाहीत. पण त्यांच्यापायी मी त्या पोराला मारलं असतं.''

आम्ही काय बोलणार? त्यांनी शस्त्र परत केले नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात सर्व कामगारांची बँक खाती उघडली आणि पगार खात्यात जमा करू लागले. वसुलीही चेकने आणि फोनवरून येऊ लागली. रोकड राहिली नाही, तेव्हा लुटण्यासारखेही फारसे राहिले नाही. रिव्हॉल्वर आता बहुतेक दिवस तिजोरीत असते.

शेवटी, थोडक्यात

ज्यांना शस्त्र घ्यायचेच आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. परवान्यावरचा प्रकार, क्षेत्र आणि मुदत नीट वाचावी. अधिकृत दुकानातूनच किंवा रीतसर हस्तांतर करूनच घ्यावे. शस्त्रावर बनविणाऱ्याचे नाव आणि क्रमांक स्पष्ट कोरलेला आहे, तोच क्रमांक पावतीवर आणि परवान्यावर नोंदला आहे, याची खात्री करावी. क्रमांक घासलेले शस्त्र फुकट मिळाले तरी हात लावू नये. परवाना माणसाचा असतो, दुकानाचा नव्हे. मुलाच्या किंवा मुनिमाच्या हाती शस्त्र देऊन त्याला बँकेत पाठवू नये, तो गुन्हा आहे. निवडणुकीत पोलीस शस्त्र जमा करण्यास सांगतात, तेव्हा वेळेवर जमा करून पावती घ्यावी. चालवून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये आणि सराव न करता अंगावर घेऊ नये.

आणि दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक व्यापाऱ्याने घरी बसून आपल्या धंद्याची एक यादी करावी. रोकड कोठून येते, कोठे जाते, कोणत्या वेळी, कोणाच्या हातून. त्या यादीतला किती धोका बँकेच्या खात्याने, चांगल्या कुलपाने, कॅमेऱ्याने आणि बदललेल्या वेळेने कमी होतो ते पाहावे. एवढे करून जो धोका उरेल त्याच्यासाठी रिव्हॉल्वर आहे. हाजीसाहेब म्हणतात, ही यादी त्यांनी आधी केली असती तर बहुधा परवान्यासाठी अर्जच केला नसता.